जलपरीची पाठ

१५ एप्रिल, मंगळवार

आली एकदाची! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबत. पांढरी, निळ्या पट्ट्याची, बाजूला गुलाबी अक्षरांत ‘जलपरी’. आधी कुठल्याशा तलावावर शहरातल्या लोकांना फिरवायची. ते बोटिंग बंद पडलं आणि आमच्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीनं ही उचलली — गोसे धरणाच्या बॅकवॉटरमध्ये लांबची जाळी काढायला. गावात सगळे डोंगे लाकडी, वल्ह्याचे. फायबरची, इंजिनाची ही पहिलीच.

टेकचंदनं मागच्या फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला! टेकचंद म्हणजे माझा नवरा — जाळं फेकण्यात पटाईत, बोलण्यात नाही. तो नुसता अंगठ्याकडे बघत राहिला. ज्या फळीवर इंजिन टांगायचं, तीच कुजलेली.

मामाजींचा चेहरा मात्र खुलला. मामाजी म्हणजे सासरे, श्यामलाल. वय बहात्तर, जन्मभर डोंगे बांधले. फळी ठोकून म्हणाले, “काही नाही गा, पाठ बदलवू. माणसाची नाही बदलवता येत, हिची येते.” सोसायटीचे अध्यक्ष घनश्यामभाऊ तिथंच बोलून मोकळे झाले — दुरुस्ती श्यामलालभाऊंची, आणि इंजिनाचं हँडलही श्यामलालभाऊच धरतील. टेकचंदचे दोन्ही हात जाळ्यात, मग दुसरं कोण?

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चुलीपाशी होत्या. त्यांची भाकर करपली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

१६ एप्रिल

कारण काय ते लिहून ठेवते. कार्तिकात मामाजी एकटेच डोंगा घेऊन गेले, चक्कर आली, पाण्यात पडले. जाळ्याचा खुंटा हाताला लागला म्हणून वाचले. दोन तास धरून होते. टेकचंदनं आणलं तेव्हा ओठ निळे, आणि तरी म्हणत होते, “जाळं काढलं का?” डॉक्टरांनी पाण्यात जाणं बंद केलं. आत्याबाईंनी त्यांचा डोंगा गोठ्यात उलटा घातला आणि वर गोवऱ्या रचल्या.

आज त्यांनी मला विहिरीपाशी गाठलं.

“साधना, ते बोट दुरुस्त नाही झाली पायजे. झाली का बुढा गेला पाण्यात. आन या टायमाले खुंटा हाताले लागनच असं नाही.”

“मी काय करू जी?”

“तुले शिलाई येते, मोबाईल येते. डोकं चालव. कोणाले समजलं नाही पायजे.”

म्हणजे सासऱ्याची बोट बुडवायची, तीही पाण्यात न घालता! मला हसू फुटणार होतं. मग त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. हो म्हटलं.

मला पाण्यातलं काय कळतं, असं त्यांनी वर जोडलंच. मी लाखांदूरकडची, शेतकऱ्याची पोर. त्यांच्या मते आमच्याकडच्या पोरींना पाणी म्हणजे हंड्यातलं. म्हणू देत.

१९ एप्रिल

पाठ उघडली. भय्याजी सुतार आला होता — मूळचा सानगडीचा, दारं-चौकटी आणि बैलबंड्या करणारा. फायबरच्या बोटीला त्यानं आजवर हात लावलेला नाही, पण नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. मी मोबाईलवरचे व्हिडिओ बघून सांगत होते, तो कटर चालवत होता, मामाजी बाजेवर बसून दोघांच्या चुका काढत होते. आतलं फायबरचं साल काढलं, तर लाकूड नाहीच! नुसते भिजलेले पोहे. बाहेरचं साल तेवढं शाबूत.

लगद्यात एक पेन्सिलचा तुकडा सापडला. सुताराची, चपटी. ज्यानं ही बोट पहिल्यांदा बांधली त्याची राहिली असणार. मी ठेवून घेतली. आजचं तिनंच लिहिते आहे.

जेवताना मामाजी रंगात आले. त्यांच्या वडिलांचा नियम सांगत होते: डोंग्यात शेवटचा खिळा ज्याच्या हातचा, पाण्यातली पहिली फेरी त्याची. “म्हून मी शेवटचा खिळा कोणाले ठोकू देत नाही.” आत्याबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला, मग वाढतच राहिल्या.

२० एप्रिल

माझेही नियम ठरवले. काम लांबवायचं, बिघडवायचं नाही. शेवटी कधी ना कधी टेकचंद या बोटीत बसणारच. फळी कच्ची राहिली तर मला झोप लागणार नाही.

वही शिलाई मशीनच्या खणात ठेवते. वर ब्लाउजच्या अस्तरांचे तुकडे. पुरुषमाणूस तिथं हात घालत नाही.

२३ एप्रिल

पहिली खोडी झाली! नवीन फळीचा कागदी फर्मा कापायचं काम माझ्याकडे आलं. ब्लाउज बेततेस, हे काय कठीण, असं भय्याजी म्हणाला. बरोबरच आहे. बाहेरचं साल माप घ्यायला होतंच. त्याची वरची कड मधोमध चार बोटं खाली उतरते. तिथं इंजिन बसतं. उतार नसेल तर इंजिन उंच राहतं आणि पंखा पाण्याला पोचत नाही. व्हिडिओत तीनदा सांगितलं होतं.

मी वरची कड सरळ कापली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुतासारखी.

भय्याजीनं फर्मा लावून पाहिला. “सालात इथं खाली गेलं हाये.” मी काही बोलायच्या आत त्यानंच उत्तर शोधलं — “झिजलं असन. उंबरठा नाही का झिजत!” आणि खूश झाला. त्याच्या हिशेबी आपण एका जुन्या दुखण्यावर इलाज केला.

मग मामाजी उठून आले. यांनी दुसऱ्या गावांतल्या बोटींवर इंजिन चालवलेलं आहे, हे लगेच धरणार. फर्म्यावरून हात फिरवला, मधोमध थांबले, पुन्हा फिरवला.

“बरोबर हाये,” म्हणाले. “काप गा.”

मी आनंदी व्हायला पाहिजे होतं. पण झाले नाही. यांना एवढंही दिसलं नाही! डोळे इतके गेले?

२४ एप्रिल

आत्याबाईंना म्हटलं, मामाजींचे डोळे तपासून घेऊ. “काल माह्या साडीवरचा उवा दिसला त्याईले,” म्हणाल्या. “उवा नव्हता, मोहरी होती. पण दिसली.”

२८ एप्रिल

वॉटरप्रूफ प्लायच्या दोन जाड फळ्या एकावर एक चिकटवायच्या होत्या. मामाजींना प्लाय पसंत नाही. “कागदाचं लाकूड! बिजाची फळी आण ना गा.” पण बिजा जड, व्हिडिओवाला प्लाय म्हणतो, आणि माझ्या घरात सध्या व्हिडिओवाल्याचं ऐकतात.

रेझिन नावाचा मधासारखा रस येतो. त्यात हार्डनरचे थेंब टाकले की तो हळूहळू दगड होतो. उन्हाळ्यात थेंब कमी टाकायचे, पहाटेच्या गारव्यात काम करायचं. मी थेंब दुप्पट टाकले आणि चहा देऊन काम अकरापर्यंत रेंगाळवलं. भंडाऱ्याचं ऊन — बाकीचं त्यानंच केलं! भय्याजी ब्रश शोधतो आहे तोवर डब्यातून धूर. आत घट्ट गोळा, त्यात ढवळायला घेतलेला माझा डाव उभा. हलेना! भय्याजीनं डाव ओढला, डबा वर आला; डबा ओढला, डाव वर आला.

मामाजी इतके हसले की खोकला लागला. कार्तिकानंतर त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डाव गेल्याचं दुःख झालं नाही.

पण मग त्यांनी स्वतः दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवली. पहाटे पाच. माझा डाव वाया.

३० एप्रिल

फळ्या चिकटल्या, सालाला बसल्या. चांगल्या बसल्या. माझ्याच हातानं कोपऱ्यातली फट भरली आणि बोटानं गोल फिरवली, गळ्याची पट्टी बसवतात तशी. टेकचंद म्हणाला, “साफ झालं.” आठवडाभरात त्यानं म्हटलेलं सगळ्यात लांब वाक्य.

खरं सांगायचं तर मला हे काम आवडायला लागलं आहे. ही मोठीच अडचण.

३ मे

आता फळीवर काचेच्या धाग्यांची मॅट चढवायची, तीन थर. मॅट कापून ठेवली. त्या धाग्यांनी सगळ्यांना खाज सुटली. भय्याजी कडुनिंबाला पाठ घासत होता, म्हशीसारखा. आत्याबाईंना वाटलं गोवर आला, त्यांनी त्याला अंगणाबाहेर बसवून जेवायला वाढलं.

रेझिन लावायचे ब्रश सापडेनात! चारही! काल पडवीत होते. काम थांबलं.

आत्याबाई माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, “शाबास.”

मी मनात म्हटलं, शाबास तुम्हाला!

५ मे

टेकचंदनं नवे ब्रश आणले. आज हार्डनरची बाटली गायब. आत्याबाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहून मान डोलावली. कमाल आहे! स्वतः करतात आणि श्रेय मला देतात. सासू असावी तर अशी.

६ मे

विहिरीवर सरळच विचारलं. “बाटली कुठं ठेवली जी? पोरंबाळं हात लावतील, विषारी असते.”

“मी कायले ठेवू? तूच ठेवली ना.”

“मी नाही जी.”

“मी बी नाही.”

बादली अर्ध्या विहिरीत लटकत राहिली. दोघी एकदमच म्हणालो — टेकचंद!

७ मे

टेकचंदला घेरलं. एका बाजूनं आई, एका बाजूनं बायको. त्यालाही बाबांची काळजी असणारच, बोलत नसला तरी. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, “तुमी दोघी बाबाची बोट बिघडवून राहिल्या?”

झालं! आता त्यालाही माहीत. चोर शोधायला गेलो आणि साक्षीदार करून आलो. कोणाला सांगणार नाही म्हणाला. सांगणार नाहीच. तीन शब्दांच्या वर जायचं म्हणजे त्याला घाम फुटतो.

९ मे

घनश्यामभाऊ येऊन गेले. मृग लागायच्या आत बोट झाली नाही तर दुसऱ्या गावच्या सोसायटीला देणार. वर हसत म्हणाले, “श्यामलालभाऊ, हात थकले का आता?”

मामाजी अंगणात जाऊन फळीवर हात ठेवून उभे राहिले. मला लाज वाटली. मी त्यांचा जीव वाचवायला निघाले आणि त्यांची इज्जत घालवते आहे. दोन्ही एकाच फळीत अडकलं आहे. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “इज्जत गेली त घरात बसन. जीव गेला त कुठं बसन?”



११ मे, रविवार

चोर सापडला.

पाचला उठले, अंगण झाडायला. गोठ्यात गोवऱ्या सरकल्याचा आवाज. मला वाटलं मुंगूस. डोकावले तर मामाजी! उलट्या डोंग्याखालून बाटली काढत होते. शेजारी चारही ब्रश, फडक्यात नीट गुंडाळून. बाटली हातात घेतली, बघितली, परत आत ठेवली. परत काढली.

मी पदर डोक्यावर ओढला. खोकायचं की निघून जायचं, समजेना. तेवढ्यात त्यांनीच पाहिलं.

सासरे-सून आम्ही, पंधरा वर्षांत चहा-पाण्याच्या पलीकडे बोललो नसू. ते तसेच खाली बसले, गोवऱ्यांच्या भुकटीत.

“कोणाले सांगजो नोको, बाई.”

“नाही सांगत जी.”

“मले पाण्याचं भेव लागते आता.” मग म्हणाले, “डोळे मिटले का तो खुंटा दिसते. अंगणात हंडा सांडला तरी छाती धडधड करते. ढिवराच्या पोटी जल्मलो मी! बोट नाही झाली त हात गेला म्हनतीन. झाली त चालव म्हनतीन. मी काय करू, तूच सांग.”

मला रडू आलं. खरंच आलं. आणि त्याच वेळी — हे फक्त इथं लिहिते — हसूही येत होतं. एका घरात तीन चोर, आणि तिघंही लपूनछपून तीच एक बोट अडवून बसलेले!

माझा वाटा मी त्यांना सांगितला नाही. बाटली त्यांच्या हातून घेतली आणि पडवीत नेऊन ठेवली. म्हटलं, मृगाच्या आत काम होईल, पुढचं पुढं पाहू. त्यांनी मान हलवली. पुढचं काय पाहणार ते मलाही माहीत नव्हतं.

१२ मे

आत्याबाईंना काही सांगितलं नाही. वचन ते वचन. बाटली सापडली म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फितूर झाले.

१५ मे

मॅट चढवायची वेळ. पहाटे साडेचारपासून मी, भय्याजी, टेकचंद. थेंब मोजून. मामाजी आता खरोखर शिकवत होते. “बुडबुडा राहू देऊ नोको. बुडबुड्यातूनच पाणी शिरते.”

फळी झाकायच्या आधी मला राहवलं नाही. त्या जुन्या चपट्या पेन्सिलीनं वरच्या कडेला, मधोमध, प्लायवर लिहिलं — ‘ही फळी कापणाऱ्याने आधी रेवताबाईंना विचारावे.’ रेवताबाई म्हणजे आत्याबाई. वीस वर्षांनी कोणी उघडेल तेव्हा त्यालाही गंमत. आणि वर मॅट चढवली.

सरळ कापलेल्या कडेचं मात्र काय करावं? आता सांगितलं तर मला माहीत होतं हे उघड होणार. गप्प बसले. चालेलही कदाचित तशीच.

१९ मे

नाही चालली!

पाठ घासली, बाहेरून रंगवली, नुसती देखणी झाली. इंजिन तात्पुरतं शिकंज्यांनी आवळून टांगलं, बोट काठालगत पाण्यात ढकलली. सगळी सोसायटी बघायला. घनश्यामभाऊ पांढरा सदरा घालून पुढे. टेकचंदनं दोरी ओढली. इंजिन सुरू झालं — आणि पंखा अर्धा हवेत! चिखल, शेवाळ, एक बेडूक, सगळं घनश्यामभाऊंच्या सदऱ्यावर. बोट तसूभर हलली नाही. लहान पोरं नाचली. भय्याजी पुन्हा पुन्हा म्हणत होता, “झिजलं होतं ना पण! झिजलं होतं!”

मी मामाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. डोळे कसे चकचकीत!

लोक पांगल्यावर जवळ आले. “फर्मा कापताना तुले माहीत होतं?”

मी खाली मान घालून म्हटलं, “तुमचे डोळे तर चांगले आहेत मामाजी.”

“तुही कात्री बी चांगली हाये,” म्हणाले. आणि दुसरीकडे तोंड करून हसले, खांदे हलले तेवढे दिसले.

२२ मे

मधला उतार कापायला भय्याजी बसला. फळीचा तुकडा खाली पडला. मामाजींनी उचलला. रेझिनच्या खाली माझी अक्षरं, अगदी स्पष्ट! मामाजी चौथी शिकलेले. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शेवटी ‘विचारावे’.

तुकडा घेऊन सरळ स्वयंपाकघरात. मी मागोमाग.

“रेवता,” म्हणाले. मी त्यांना आत्याबाईंना नावानं हाक मारताना कधी ऐकलं नव्हतं. “इथं लिवलं हाये का तुले विचारावं. कापली त आधीच, पन विचारून राहिलो. करू का बोट पुरी?”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. वाचता येत नाही त्यांना, पण समजलं सगळं. डोळ्याला पदर लावला. “करा. पन तुमी बसान त आधी माह्या आंगावरून न्या ते.”

“मी नाही बसत.”

“मंग कोण बसते? भूत?”

“पाहू,” म्हणाले मामाजी. तुकडा त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. भीतीबद्दल आत्याबाईंना सांगितलं की नाही, माहीत नाही. पण जेवताना आत्याबाईंनी भात बेतानं वाढला.

२६ मे, सोमवार

कापलेली कड पुन्हा मॅटनं बंद केली होती, वाळली. आज इंजिन कायमचं बसवलं. चार बोल्ट, पाठीतून आरपार. पुन्हा सगळी सोसायटी, यावेळी घनश्यामभाऊ मळक्या बनियनमध्ये आणि लांब. पहिला बोल्ट मामाजींनी आवळला. दुसरा. तिसरा. मी नारळ घेऊन उभी.

चौथ्याला त्यांनी पाना माझ्यापुढे धरला.

“सूनबाई, हा तू आवळ.”

शेवटचा खिळा, पहिली फेरी — गावाला नियम पाठ आहे. घनश्यामभाऊ म्हणाले, “भाऊ, बाईमाणूस हँडल धरन?”

“पाठ कोणं मापली? फटी कोणं भरल्या? रेझिन कोणाच्या हातचं?” मामाजींचा आवाज चढला, कार्तिकाच्या आधी होता तसा. “हात तिचा, फेरी तिची. नियम माह्या बापाचा हाये, मी कोण बदलवणारा? टेकचंद जाळं पाहीन, हँडल सूनबाई पाहीन. मी काठावरून शिकवतो.”

असं आहे तर! मी त्यांना अडकवायला गेले होते, त्यांनी मलाच बोल्टनं जाम केलं. आवळला मी. नारळ फुटला. आत्याबाईंनी आधी बोटीला हळद-कुंकू लावलं, मग मला, मग लाइफ जॅकेटच्या दोऱ्यांना तीन-तीन गाठी मारल्या. त्या गाठी नंतर विळ्यानं कापाव्या लागल्या.

हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते! व्हिडिओत सांगितलं होतं, पण हाताला कोण सांगणार? बगळे उडवले, दोन डोंगे हुकवले, एक हुकला नाही. मामाजी काठानं पळत ओरडत होते, “उलटं, उलटं! अवं उलटं मनलं ना!” टेकचंद जॅकेट धरून बसलेला, डोळे मिटून. शेवटी जलपर्णीत जाऊन घुसले. पण पाठ! थेंबभर पाणी नाही आलं आत. मी हात फिरवून बघितला, कोरडी खडखडीत.

एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. टेकचंदनं हे वाचू नये.

२८ मे

सोसायटीनं मान्य केलं. मृगानंतर हँडल माझं, निदान नवीन माणूस सापडेपर्यंत. तो सापडणार नाही याची व्यवस्था मी करेन, अनुभव आहे.

जेवताना आत्याबाईंचा हात थांबला. “पन हिले पोहता येते का?”

सगळे माझ्याकडे. मी पदर ओढला, खाली पाहिलं.

“शिकवा लागन,” मामाजी म्हणाले. टेकचंद सकाळी जाळ्यावर असतो. “मी सांगतो ना काठावरून.”

“काठावरून कसं जी?” मी म्हटलं. “मले भेव लागते पाण्याचं.”

मामाजींचा घास तसाच राहिला.

३० मे, शुक्रवार

आज मामाजी पाण्यात उतरले. आधी घोट्यापर्यंत. तिथं बराच वेळ उभे राहिले. मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. आत्याबाई काठावर, तोंडाला पदर. एका लांब बांबूचं एक टोक मामाजींच्या हातात, दुसरं माझ्या. त्यांचं टोक थरथरत होतं. “भेऊ नोको बाई, मी हाओ,” म्हणत होते. मी खूप हातपाय आपटले, दोनदा बुडाले, एकदा किंचाळलेसुद्धा. नंतर नंतर त्यांचं टोक थरथरायचं थांबलं. उद्या पुन्हा जायचं आहे, त्यांनीच वेळ ठरवली.

माझ्या बाबांच्या शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, मी आठव्या वर्षी या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जायची. आत्याबाईंनाही सांगायचं नाही.